सफूराची निगेटिव्ह

प्रफुल्लने पहिल्यांदा हात उचलला तो माणसावर नव्हे, एन्लार्जरवर. ओमानमधल्या इब्राच्या बाजारातल्या त्या स्टुडिओत निगेटिव्हवरून कागदावर फोटो मोठा पाडायचे दोन एन्लार्जर होते, दोन्ही गणपतने हौसेने जमवलेले. त्यातला मोठा प्रफुल्लने एका सकाळी टेबलावरून उपटून काढला आणि मागच्या गल्लीत नेऊन आपटला. भिंगाचा चुरा झाला, लोखंडी दांडा वाकला. नंदा मागच्या दारात उभी राहून बघत होती.

"मशीनाक जागा नको काय?" एवढंच तो म्हणाला, आणि हात झटकून आत गेला.

गणपत म्हणजे नंदाचा नवरा. कुडाळकडचा. मस्कतला एका स्टुडिओत नोकरीला आला आणि पुढे इब्रात स्वतःचं दुकान टाकून बसला. लग्न करून नंदाला आणलं तेव्हा तिला फोटो बघून माणूस ओळखता येई, त्यापलीकडे फोटोतलं काही कळत नव्हतं. डार्करूममधल्या लाल दिव्याखाली गणपतने तिला सगळं शिकवलं. कोऱ्या ब्रोमाइड कागदावर डेव्हलपरच्या पाण्यात आधी डोळे उमटतात, मग ओठ, मग बाकीचा माणूस, हे तिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती घाबरून मागे सरकली होती. पुढे तिचा हात इतका बसला की प्रिंटचं काम गणपतने तिच्यावरच सोडून दिलं. तो काउंटर सांभाळायचा, ती आतली खोली.

गणपत छातीत कळ येऊन गेला, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ प्रफुल्ल दुबईतलं काम सोडून इथे आला. दुकानाचं लायसन्स नुमान नावाच्या म्हाताऱ्या ओमानी माणसाच्या नावावर होतं. सगळे त्याला अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत. अर्बाबने दोघांना समोर बसवून सांगितलं, दीर बाहेरचं बघेल, तू आतलं बघ, दोघांचा व्हिसा दुकानावरच राहील. नंदाने मान डोलावली. मुलगी सोनल मस्कतजवळच्या अल खौदला नवऱ्याकडे होती. गावी परत जाऊन करायचं काय, हेही तिला कळत नव्हतं.

प्रफुल्लने डिजिटल मशीन आणली आणि धंदा बदलून टाकला. लोक मोबाईल घेऊन यायचे, चहा संपायच्या आत फोटो घेऊन जायचे. नंदाला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मशीनचे फोटो चांगले येत, आणि ती ते मोकळेपणाने सांगायची. तरीही तिची काळोखी खोली चालू राहिली, ती इब्राच्या बायकांमुळे.

तिथल्या काही जुन्या घरांतून लग्नात बायकांच्या मांडवात मोबाईल न्यायची सोय नव्हती. दारातच एक टोपली असे, त्यात सगळ्या पाहुण्या बायकांचे फोन जमा होत. आत कॅमेरा घेऊन जायची मुभा एकट्या नंदाला. तिचा कॅमेरा रोलचा. तोच रोल ती स्वतः धुवायची, सांगतील तेवढेच प्रिंट काढायची, आणि प्रिंटबरोबर निगेटिव्हची पट्टीही त्या घरच्या बाईच्या हातात ठेवायची. "दुकानात काही उरत नाही," असं ती अरबीत सांगायची, आणि बायका तिच्या डोळ्यांत बघून विश्वास ठेवायच्या. त्या तिला सोनलची आई म्हणून उम्म सोनल म्हणत. केस मोकळे सोडलेल्या, मेंदीचे हात नाचवत हसणाऱ्या किती नवऱ्या तिने लाल दिव्याखाली उमटताना पाहिल्या होत्या. घरच्यांखेरीज त्यांना असं कुणी पाहिलेलं नव्हतं.

त्या थंडीत सफूराचं लग्न झालं. सफूरा शाळेत शिकवायची, नंदाशी ओळख जुनी. तिचा एक फोटो नंदाला फार आवडला. केस गुडघ्यापर्यंत सुटलेले, कुणीतरी मागून हाक मारलेली आणि ती वळून हसतेय. तो प्रिंट काढताना नंदाने उरलेल्या एन्लार्जरच्या दिव्याखाली हाताची सावली धरून चेहरा उजळ ठेवला, केसांवर जास्त वेळ उजेड पडू दिला, तेव्हा कुठे केसांचा काळा रंग हवा तसा आला. बरेच कागद वाया गेले. ते तिने फाडून, चित्र पार उडेपर्यंत ब्लीचमध्ये बुडवले आणि मगच टाकले.

त्याच संध्याकाळी प्रफुल्लने तिच्यावर पहिल्यांदा हात टाकला. निगेटिव्ह अजून टांगलेल्याच होत्या आणि तो खोलीत शिरू पाहत होता. नंदा दारात आडवी झाली. त्याने तिचं मनगट धरून असं पिरगळलं की ती गुडघ्यावर आली.

"माझ्याच दुकानात माका आडवतंस?" तो दात आवळून म्हणाला. मग सोडून दिलं आणि हसला. "मस्करी केली गो, वयनी."

मनगट सुजलं. सोनलला तिने फोनवर सांगितलं, पाय घसरून पडले. त्या वेळी तिला वाटलं, माणूस तापट आहे, गणपतसारखा नाही, एवढंच. दुपारी जेवायला ती दुकानामागच्या खोलीवर जायची, तेवढ्या वेळात तो काळोख्या खोलीत काय करत असेल, असा विचार तिच्या मनाला शिवला नाही.

उन्हाळा सुरू झाला होता. प्रफुल्ल सकाळीच मस्कतला कागद आणायला गेला होता. काउंटरवर एक ड्रायव्हर पासपोर्टचे फोटो मागत उभा होता. मशीनवर लाल अक्षरं लुकलुकत होती, आत कागद अडकला होता. नंदाने झाकण उघडलं, मुडपलेला कागद ओढून काढला, झाकण लावलं. मशीन घरघरली आणि आधीचं राहिलेलं काम आपणहून सुरू झालं. फोटो बाहेर पडला.

सफूरा वळून हसत होती. पण रंगीत.

नंदाला क्षणभर काही समजेना. तिने हा फोटो काळ्या-पांढऱ्या रोलवर काढला होता. सफूराचा झगा हिरवा होता, हे तिच्याखेरीज आणि त्या मांडवातल्या बायकांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. इथे तो गुलाबी झाला होता. ओठ लालभडक, गाल रंगवलेले. हसू मात्र तेच, केस तेच. त्यामागून दुसरा फोटो पडला, दुसऱ्याच घरची नवरी. मग तिसरा. मशीन थांबेना. प्रत्येकाच्या कोपऱ्यात जाहिरातीसारखं मस्कतच्या एका ब्यूटी पार्लरचं नाव छापलेलं होतं.

"बाई, माझे फोटो?" ड्रायव्हरने विचारलं.

तिने पडलेले फोटो पालथे करून पोटाशी धरले. "मशीन बिघडली. नंतर या."

तो गेल्यावर तिने काचेचं दार आतून लावलं, फोटो आपल्या पिशवीत कोंबले आणि संगणकासमोर बसली. तिला त्यातलं फार येत नव्हतं, पण फोटो उघडता येत होते. वर्षांवर वर्षं साठवलेली होती. तिने धुतलेला जवळजवळ प्रत्येक रोल. ती जेवायला गेली की निगेटिव्हच्या पट्ट्या स्कॅनरवर जात होत्या आणि ती परत यायच्या आत जिथल्या तिथे टांगल्या जात होत्या. "दुकानात काही उरत नाही," असं ती सांगत होती आणि दुकानात सगळं उरत होतं.

फ्रेमा ठोकायची हातोडी काउंटरखालीच होती. नंदाने ती उचलली. संगणकाचा डबा फुटेपर्यंत, आतली चकती वाकून तिचे तुकडे होईपर्यंत ती घाव घालत राहिली. मग स्कॅनर. मग मशीनची काच. आपल्या तोंडून आवाज निघतोय हे तिला बऱ्याच वेळाने कळलं.

प्रफुल्ल परतला तेव्हा बाजार दुपारच्या सुट्टीसाठी बंद झाला होता. शटरं खाली आलेली, रस्त्यावर कुत्रंही नाही. तो आपल्या किल्लीने दार उघडून आत आला, फुटलेल्या काचांवर उभा राहून सगळीकडे बघितलं आणि शांतपणे मागे वळून शटर खाली ओढलं.

"कोणी केलंन ह्या?"

"मी केलं," ती म्हणाली. "त्या बायकांची तोंडं विकलीस तू. माझा शब्द विकलास."

त्याची पहिली थप्पड कानावर बसली. ती काउंटरवर जाऊन आदळली. दुसरी बुक्की बरगडीत. ती खाली पडली तसा त्याने बूट चालवला, पोटात, पाठीत, जिथे लागेल तिथे. तोंडाने एकसारखा बोलत होता. मशीनचं नाव घेत होता, भावाचं घेत होता, वहिनी म्हणून इतके दिवस ऐकून घेतलं म्हणत होता. नंदाने हातांनी डोकं झाकलं होतं. तो दम खायला थांबला तेवढ्यात ती चार पायांवर सरपटत काळोख्या खोलीत शिरली आणि आतून कडी घातली.

प्लायवुडचं दार. त्याच्या दोन-तीन लाथांत कडी स्क्रूसकट उखडून आली.

आत लाल दिवा चालू होता. सकाळी तिने प्रिंट काढायला घेतले होते, टब भरलेले होते. प्रफुल्लने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड डेव्हलपरच्या टबात दाबलं. पाणी नाकात शिरलं, तोंडात कडवट, सोडा खाल्ल्यासारखी चव आली. तिने लाथा झाडल्या. त्याने वर ओढलं आणि पुन्हा दाबलं. पुन्हा वर ओढलं तेव्हा त्याचा दुसरा हात तिच्या गळ्यावर होता. तिच्या डोळ्यांपुढे ठिपके नाचायला लागले. हात चाचपडत टेबलाखाली गेला. तिथे कुठे काय आहे हे तिच्या हाताला डोळ्यांहून जास्त माहीत होतं. ॲसेटिक ॲसिडची बाटली. टबात पाणी घालून वापरतात ते नव्हे, मूळचं जहाल. सकाळीच तिने बूच उघडून नुसतं वर टेकवून ठेवलं होतं.

तिने ती बाटली त्याच्या तोंडावर रिकामी केली.

प्रफुल्ल ओरडला तो माणसाचा आवाज वाटला नाही. हात सुटले. तो भिंतीवर आपटला, टब उलटे झाले, सगळीकडे पाणी. खोलीभर शिरक्याचा झणझणीत वास भरला, नंदाच्याही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तो दोन्ही मुठींनी डोळे चोळत होता.

"पाणी! वयनी, माका पाणी दी! डोळे गेले माझे!"

गणपतने शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती. डोळ्यात ॲसिड गेलं तर ताबडतोब पाणी, दुसरा विचार करायचा नाही. नळ खोलीत एकच होता. नंदा नळाला पाठ लावून उभी होती. प्रफुल्ल भिंत चाचपडत नळाकडे आला तेव्हा तिने त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि त्याला ढकललं. तो ओल्या फरशीवर घसरून पडला. पुन्हा उठला, पुन्हा आला. तिने पुन्हा ढकललं. आता तो मारत नव्हता. रडत होता, लहान पोरासारखा, आईला हाका मारत. नंदा नळाशी उभी होती. तिच्या बरगडीत श्वासागणिक सुरी फिरत होती आणि मनात एकच गोष्ट स्वच्छ होती, की आपल्याला नळ सोडायचा नाही.

मग कधीतरी तिने सोडला. त्याचं डोकं धरून धारेखाली घातलं आणि पापण्या बोटांनी उघडून धरल्या.

शेजारचा शिंपी इक्बाल आपल्याच दुकानात झोपला होता. त्याने आरडाओरडा ऐकून शटर वर केलं. आत आला आणि म्हणाला, "या अल्ला." त्यानेच गाडी काढली, नंदाची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली, दोघांना इस्पितळात नेलं. मागच्या सीटवर प्रफुल्ल ओलं फडकं डोळ्यांवर धरून कण्हत होता आणि नंदा पुढे बसून रस्त्याकडे बघत होती.

नंदाच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या, एका कानाने ऐकू येत नव्हतं, गळ्यावर बोटांचे वळ काळेनिळे उमटले होते. प्रफुल्लचा डावा डोळा गेला होता. उजव्याचं डॉक्टर काही सांगत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या खाटेशी जायचं ठरवलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तो दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडला होता. पावलं ओळखून म्हणाला, "वयनी?"

"हं."

"पोलीस येवन गेले. मी सांगितलंय, बाटली पडली हातातसून. तू जिन्यावरसून पडलंस." त्याने ओठ ओले केले. "तू गप रव, मी पण गप रवतंय. त्या फोटोंचा भायर इला तर माका जेल, आणि डोळ्याचा भायर इला तर तुका. सोनलचो विचार कर."

सोपं होतं ते. इतकं सोपं की ती खोलीबाहेर येऊन बाकावर बसेपर्यंत अर्धी कबूल होऊन गेली होती. समोरच्या बाकावर एक बाई लहान मुलीची वेणी घालत होती. मुलगी डोकं हलवत होती आणि बाई तिला दटावत होती. नंदा त्या वेणीकडे बघत राहिली, तिला सफूराचे सुटलेले केस आठवले, मग ती उठली. इस्पितळातून सुट्टी मिळाली त्याच दिवशी ती घरी न जाता टॅक्सी करून सफूराकडे गेली.

सफूराने दार उघडलं आणि तिचा चेहरा बघून किंचाळली. "उम्म सोनल! हे कुणी केलं?"

नंदाने पिशवीतला रंगीत फोटो काढून तिच्या हातात दिला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सफूरा फोटोकडे बघत होती. ऐकून झाल्यावर तिने मान वर केली आणि नंदाच्या गालावर सणसणीत थप्पड मारली. त्याच ठणकणाऱ्या कानावर. नंदा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. सफूरा स्वतःचा हात छातीशी धरून उंबऱ्यातच खाली बसली आणि रडायला लागली.

बऱ्याच वेळाने ती आत गेली, कपाटातून लग्नाच्या फोटोंचं पाकीट घेऊन आली. अंगणात खजुराच्या झाडाखाली मातीच्या धुपाटण्यात निखारे होते. निगेटिव्हची पट्टी तिने त्यावर ठेवली. पट्टी आक्रसली, वितळली, काळा धूर सुटला. मग प्रिंट एकेक करून. नंदाने जो प्रिंट इतक्या मेहनतीने काढला होता तोही.

"हे जळलं," सफूरा म्हणाली. "आता ते कसं जाळायचं?"

"संगणक मी फोडला."

"आणि त्याने जिथे जिथे पाठवले असतील तिथले?"

नंदाने धुपाटण्याबाहेर पडलेला अर्धवट जळका तुकडा निखाऱ्यावर लोटला.

"चल," सफूराने डोक्यावरून शेला नीट केला. "तू माझ्याबरोबर येणार. सगळं सांगणार. माझं नाव घेऊन सांग, मला चालेल. बाकीच्यांची नावं त्यांना विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत."

पोलीस ठाण्यात लिहून घ्यायला एक तरुण अधिकारी बाई होती. नंदाने पहिल्यापासून सांगितलं. फोटो, हातोडी, मार, बाटली. अधिकारी बाई मान हलवत लिहीत होती, मधूनच तिच्या गळ्यावरच्या वळांकडे बघत होती. शेवटी तिने सहज विचारलं, "आणि लगेच पाणी दिलंस ना?"

सफूराने नंदाच्या हातावर हात ठेवला. हो म्हण, असंच त्या हाताचं म्हणणं होतं.

"नाही," नंदा म्हणाली. "नळ माझ्या मागे होता. तो मागत होता आणि मी त्याला ढकलत होते."

"घाबरली होतीस?"

"आधी घाबरले होते. तेव्हा नव्हते." तिने अरबीत शब्द शोधले. "त्याने यापुढे काही बघू नये, असं वाटत होतं मला."

अधिकारी बाईचं पेन थांबलं. मग तिने तेही लिहिलं.

नंदाला कोठडीत ठेवलं. सोनल नवऱ्याला घेऊन अल खौदहून धावत आली. गजांपलीकडून तिच्या तुटक मराठीत म्हणाली, "आई, व्हाय डिड यू... तू का सांगितलंस? कोणी विचारलं पण नसतं."

"विचारलं होतं," नंदा म्हणाली.

पुढे सफूराबरोबर आणखी काही बायका बोलायला तयार झाल्या, पडद्याआड बसून का होईना. पार्लरवालीला धरलं, तिच्याकडचे फोटो पोलिसांनी नष्ट केले. ते आणखी कुठे कुठे गेले होते, हे कुणालाच सांगता आलं नाही. प्रफुल्लला कैद झाली आणि त्यानंतर कायमचं देशाबाहेर. नंदाच्या खटल्यात न्यायाधीशांनी ॲसिड फेकणं हे स्वतःचा जीव वाचवणं मानलं. नळाबद्दल त्यांनी एकदाच विचारलं आणि तिने तेच उत्तर दिलं. तिने जेवढे दिवस आत काढले होते तेवढीच शिक्षा धरली आणि तिला सोडलं.

अर्बाब तिला न्यायला स्वतः आला होता. काठीवर भार देत म्हणाला, "दुकान उघडायचं असेल तर उघड. तुझी खोली मी नीट करून देईन."

"खलास, अर्बाब," ती म्हणाली. "त्या खोलीत मला उभं राहता येणार नाही."

ते खरंच होतं. दार लावलेल्या जागेत तिचा श्वास अडकायचा. सोनलच्या घरीही ती न्हाणीघराचं दार उघडं ठेवून आंघोळ करायची. अर्बाबने व्हिसा बदलायला सही दिली आणि सोनलने अल खौदला विद्यापीठाजवळच्या एका फोटोच्या दुकानात शब्द टाकला. तिथे सगळं मशीनवरच. मोठ्या काचेतून रस्ता दिसायचा, दिवसभर विद्यार्थिनींची ये-जा. नंदा पटकन शिकली. तिच्याकडे येणाऱ्या पोरींचे फोटो छापून झाले की स्क्रीन त्यांच्याकडे वळवून ती फाइल त्यांनाच पुसायला लावायची. पोरींना त्यात काही विशेष वाटत नसे. पुसून झालं तरी खरोखर पुसलं गेलं की नाही, याची खात्री नंदाला कधीच वाटली नाही. ब्लीचमध्ये बुडवलेल्या कागदाची वाटायची तशी नाहीच.

एका दुपारी दुकानात असताना गावाहून फोन आला. नंबर अनोळखी होता.

"वयनी, मी."

ती दुकानाबाहेर उन्हात जाऊन उभी राहिली. प्रफुल्ल गावच्या घरी पोचला होता. उजव्या डोळ्याने थोडंसं दिसतं, म्हणाला. माणूस आला-गेला कळतो, तोंड ओळखता येत नाही. काय हवंय, असं तिने विचारलं नाही.

"नळ तुझ्या पाठीमागे होतो," तो म्हणाला. "माका कळत होता. तू मुद्दाम सोडूक नाय."

"होय," नंदा म्हणाली. "मुद्दाम."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं, श्वास तसा येत होता. ती थांबली. तिला वाटलं, शिव्या देईल, किंवा माफी मागेल, आणि दोन्हींपैकी काहीही ऐकायची तिची तयारी होती.

त्याने फोन ठेवून दिला.

ऊन डोक्यावर होतं, ऐकू येणाऱ्या कानात रस्त्यावरच्या गाड्या होत्या. काचेच्या आतून एक मुलगी मोबाईल उंच करून तिला बोलावत होती. नंदाने पदराने तोंड पुसलं आणि ती आत गेली.